‘नावाची पेटी’: रोप ठेवलं, ब्रेसलेट परत केलं

माझं नाव गुंजा. वय ५२, मुक्काम चिपळूण, नोकरी एका सहकारी बँकेत, तीही सोनेतारण कर्जाच्या टेबलावर. हे आधीच सांगून टाकते, कारण या वस्तूबद्दल लिहायला माझ्याएवढं लायक गिऱ्हाईक त्या दुकानाला शोधूनही सापडलं नसतं.

वस्तू अशी. ज्यांची नावं झाडावेलींवरून ठेवलेली आहेत त्यांच्यासाठी एक ऑनलाइन दुकान ‘नावाची पेटी’ विकतं. जाई, केतकी, बकुळ, शेवंती अशा नावांच्या पेट्या आहेत, त्यात गुंजाही आहे. पेटीत तीन गोष्टी येतात: त्या नावाचं जिवंत रोप, त्याच झाडाच्या फुलाबियांचा एक दागिना आणि नावाचा अर्थ सांगणारं कार्ड. किंमत १,२५० रुपये, पोचवायचे ९० वेगळे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण मिटलेलं आहे आणि मला ते उकरायचं नाही. पण अशा पेट्या आता बऱ्याच ठिकाणी मिळतात, त्यामुळे घेणाऱ्याला उपयोग होईल म्हणून लिहिते.

पेटी मला भाचीने पाठवली, वाढदिवसाला. त्यामागे कारण होतं. आमचे आजोबा सोनार. बाजारपेठेत दुकान. त्यांच्या गल्ल्यात एक पितळेची डबी असायची, झाकणाला फिरकी असलेली, आणि तीत गुंजा, सोनं तोलायच्या लाल बिया. साध्यासुध्या नव्हेत, निवडलेल्या. दरवर्षी थंडीत शेंगा तडकल्या की कुणीतरी गावाकडून ओंजळभर आणून द्यायचं. आजोबा त्या ताटात पसरायचे आणि एकेक उचलून काट्यावर दुसरीशी लावून बघायचे. हलकी निघाली की बाहेर, थोराड निघाली की बाहेर. शंभरातल्या पंधरावीस डबीत जायच्या. बाकीच्या आम्हा पोरांना. त्यांचे आम्ही बेंदराच्या मातीच्या बैलांना डोळे लावायचो. ती डबी आजोबांच्या मागे दादाकडे राहिली आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात गेली. त्या दिवशी चिपळुणात काय काय गेलं ते सांगत बसले तर रिव्ह्यू बाजूला राहील. दादाने फ्रीजचा, दुचाकीचा, दुकानातल्या कपाटांचा पंचनामा करून घेतला. डबीचा कसला पंचनामा! पण भाचीला ती आठवत होती. तिने फोन केला तेव्हा म्हणाली, “आत्या, डबी नाही आणता येत, निदान गुंजा तरी.” तेव्हा तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार पेटी भरणाऱ्यांबद्दल आहे.

आधी कार्ड. कागद सुरेख आहे, हातकागद, कडेला वेलबुट्टी. मजकूर असा: “गुंजा म्हणजे भ्रमराचा मधुर गुंजारव. या नावाच्या व्यक्ती आनंद पसरवतात.” पाठीमागे: “सुगंधी फुलांची वेल.” संपलं.

अहो, ते गुंजन. भुंगा करतो ते गुंजन. गुंज हे बी आहे, लाल, बुडाशी काळा ठिपका असलेलं. वेलीलाही गुंजच म्हणतात. मराठीत एक ती गुंज, अनेक त्या गुंजा, म्हणजे व्याकरणाने मी बहुवचन आहे. संस्कृतात मात्र गुंजा हेच एकवचन, म्हणून निभावतं. आणि सुगंधी फुलं कुठली? फिकट जांभळट, वाटाण्याच्या फुलासारखी, पाल्याआड दडलेली. त्या वेलीला फुलासाठी कोणी ओळखत नाही. ओळखतात शेंग तडकल्यावर. शेंगेची दोन्ही सालं पिळवटून मागे वळतात आणि आत लाल गुंजा महिनोन्महिने चिकटून बसतात, पडत नाहीत.

माझं नाव कसं पडलं ते या कार्डावर मावलं असतं. मी आठव्या महिन्यातली, जेमतेम पावणेचार पौंडांची. आजोबा बघायला आले आणि म्हणाले, “ही तर गुंजेएवढी आहे.” बारशाला आत्याने कानात ‘वैशाली’ सांगितलं होतं. शाळेत घालायच्या वेळी दाखला आणायला आजोबा गेले आणि ‘गुंजा’ लिहून आले. सोनाराच्या तोंडी ते लाडाचं नाव होतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा, आता बाजारात सरसकट दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे. भागून बघा, एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम पडते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशात ग्रॅम-किलो आले आणि गुंज हिशेबातून गेली, पण बोलण्यात राहिली. अजूनही बायका म्हणतात, “अंगावर गुंजभर सोनं नाही.”

नाव पुन्हा एकदा जाता जाता वाचलं ते लग्नात. सासूबाईंनी ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘गौरी’ लिहायला लावलं. विषारी झाडाचं नाव घरात कशाला, हे त्यांचं म्हणणं. त्यांचं चूक नव्हतं, माहिती पक्की होती. लिहिलं गौरी. तांदूळ गोळा केले, खीर झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच मला “अगं गुंजा” म्हणायला लागल्या.

शाळेत मात्र त्रास झाला. आठवीला संस्कृतच्या बाईंनी ते सुभाषित शिकवलं: सोनं म्हणतं, मला आगीत घातलं, ठोकलं, बाजारात विकलं, त्याचं मला काही नाही, खरं दुःख एकच की लोक मला गुंजेबरोबर तोलतात. सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला. मी रडत घरी. आजोबा मूस तापवत होते, मान वर न करता म्हणाले, “सोन्याने रडून काय होतंय? गुंज नसती तर त्याला स्वतःचं वजन तरी कळलं असतं का?”

आणि बँकेत उत्तरेकडचे कामगार खातं उघडायला येतात ते माझ्या नावाची पाटी वाचून हमखास हसतात, पण प्रेमाने. १९८२ च्या ‘नदिया के पार’ची नायिका गुंजा. त्यांच्याकडे हे घरातलं नाव आहे, इथे मला दर वेळी अक्षर सांगावं लागतं: गुंजन नाही, नुसतं गुंजा, ज ला काना.

आता ब्रेसलेट. इथे जरा थांबते.

दिसायला देखणं. बत्तीस गुंजा, सगळ्या एका मापाच्या, काळे ठिपके एकाच बाजूला येतील अशा ओवलेल्या, मध्ये चांदीच्या रंगाचे बारीक मणी. ताणणाऱ्या दोऱ्यात. डबीवर लिहिलं होतं “नैसर्गिक, रसायनविरहित, लहान मुलांसाठीही सुरक्षित.” शेवटचे तीन शब्द वाचून मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. पण तिसऱ्या दिवशी भाची मुलीला घेऊन आली आणि तिला दाखवायला म्हणून मी खाली काढलं. ही माझी चूक, लिहून ठेवते. भाचीने हातात घातलं, दोन मिनिटं बरं वाटलं, मग काढताना दोरा तुटला.

गुंज लादीवर पडली की उडते. बत्तीस गुंजा चारी दिशांना. तेरा महिन्यांची पोर त्यांच्यात बसलेली, आणि लाल चकचकीत काही दिसलं की त्या वयात हात कुठे जातो ते सांगायला नको. वहिनीने आधी तिला उचललं, तोंडात बोट घालून बघितलं. आम्ही दोघी जमिनीवर पालथ्या. सोफा सरकवला, शेगडीखालून झाडू फिरवला, देवघरातलं पाट काढलं. मोजल्या तर ३१. पुन्हा मोजल्या, ३१. भाची रडायला लागली. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, पाच मिनिटांत सापडली नाही तर लक्षणांची वाट बघू नका, घेऊन या. बत्तिसावी पोरीच्या दुपट्याच्या घडीत निघाली. कोरडी. मी ती कोरडी आहे ना हे तीनदा बोटाने तपासलं.

लोक म्हणतात, आम्ही लहानपणी गुंजांनी खेळलो, काही झालं नाही. मीही खेळले. फरक भोकात आहे. गुंजेचं साल इतकं टणक की वेल लावायची तर बी आधी घासावं लागतं किंवा गरम पाण्यात भिजत घालावं लागतं, नाहीतर रुजत नाही. अखंड गुंज कोणी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, ती या सालामुळे. म्हणून ती गिळावी असं नाही! पण चावली, कुटली किंवा भोक पाडलं की सालाचा उपयोग संपला. ब्रेसलेटच्या प्रत्येक मण्याला दोन भोकं, म्हणजे चौसष्ट उघडी दारं. आत अब्रिन नावाचं विष आहे, एरंडाच्या बीतल्या रायसिनच्या जातीचं. पेशीत प्रथिनं तयार व्हायचं काम ते बंद पाडतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी, कधी त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि त्यावर उतारा नाही. दवाखान्यात सलाईन लावून शरीराला तग धरायला मदत करतात, एवढंच. शिवाय असले मणी ओवणाऱ्याचा विचार करा, तो दिवसभर भोकं पाडतो आणि ती पूड त्याच्या नाकातोंडाशी उडते.

आपल्याकडे हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. आयुर्वेदात गुंजा उपविषांत मोजतात आणि दुधात किंवा कांजीत शिजवून शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. पूर्वी कातड्यासाठी दुसऱ्याची गुरं मारायची तर गुंजा वाटून त्या लगद्याच्या टोकदार सुया वाळवत आणि जनावराला टोचत, हे न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. सरकारच्या औषध नियमांत ई-१ म्हणून एक अनुसूची आहे, तीत गुंजेचं बी आहे. त्या यादीतलं काही पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असा इशारा डब्यावर छापावा लागतो. म्हणजे शिजवून शुद्ध केलेल्या गुंजेला इशारा, आणि कच्च्या, भोक पाडलेल्या गुंजेवर “लहान मुलांसाठीही सुरक्षित.” इंग्लंडात कॉर्नवॉलला ईडन प्रोजेक्ट नावाची प्रसिद्ध बाग आहे. तिने याच बियांची ब्रेसलेटं विकली होती आणि २०११ मध्ये जाहीरपणे परत मागवली. तिकडच्यांना गुंज परकी, त्यांची चूक समजू शकते. आपण तिच्याशी सोनं तोललंय!

भाचीने नंतर मोबाईलवर शोधून सांगितलं की इंग्रजांत ब्रायनी हे मुलीचं नाव असतं, तीही कुंपणावर चढणारी विषारी वेल, लाल फळांची, भोपळ्याच्या कुळातली. म्हणजे मी एकटी नाही. कुठेतरी एखादी ब्रायनीही बँकेत बसून आपलं नाव फोडून सांगत असेल.

सोमवारी त्या बत्तीस गुंजा झाकणाच्या बाटलीत घालून बँकेत नेल्या. आमच्याकडे दागिन्यांचं मूल्यांकन करायला सोनारकाका येतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांना म्हटलं, जरा बघा. ते आधी हसले, “गुंजा कर्जाला नाही चालत, मॅडम.” मग गंभीर झाले. प्रत्येक मणी चिमट्याने उचलून उजेडाकडे धरला. भोकाच्या कडेला साल तडकलेलं आणि आतला पिवळट गर दिसत होता. सगळ्या काट्यावर टाकल्या. आकडा आला ३.४२.

“बत्तीस गुंजा म्हणजे चार मासे,” काका म्हणाले. “तीन ग्रॅम एकोणनव्वद पॉइंट यायला हवे. चार गुंजांची घट आहे.”

बत्तीस विकल्या, अठ्ठावीस भरल्या. मध्ये गेलं ते भोकांतून गेलं. काकांनी काट्याची ताटली ओल्या फडक्याने दोनदा पुसली, फडकं कागदात गुंडाळून टाकलं, हात साबणाने धुतले आणि मगच डबा उघडला. मग स्वतःच्या पेटीच्या कप्प्यातून एक गुंज काढून दाखवली, जुनी, रंग जरा विटलेला. त्यांच्या वडिलांची. “वजनाला नाही, शकुनाला,” म्हणाले. तिला भोक नव्हतं. ती आजोबांच्या डबीत पास झाली असती, असं मला उगाचच वाटलं.

रोपाबद्दल मात्र दुकानाला पुरे गुण. काथ्याच्या पिशवीत, मुळांभोवती ओलं शेवाळ, वीतभर वेल, सात पानं, एकही पिवळं नाही. मला आधी शंका होती की गुंज म्हणून दुसरंच काही खपवतील. रतनगुंज नावाचं झाड असतं, त्याचं बी मोठं, अख्खं लाल, डोळा नसलेलं, आणि बरेच जण त्यालाच गुंज समजतात. पण ते झाड, ही वेल. पान चिंचेसारखं, छोट्या पर्णिकांच्या जोड्या समोरासमोर. खात्रीसाठी दोन पर्णिका चावल्या. आधी नुसतं पाल्यासारखं, मग हळूहळू जिभेच्या मागून गोड येतं, ज्येष्ठमधासारखं, आणि बराच वेळ राहतं. गुंजेचा पाला म्हणून पानवाले विड्यात घालतात तो हाच, गवई मंडळी गळ्यासाठी चघळतात तोही हाच. एकाच वेलीचा पाला विड्यात आणि बी विषात. जूनमध्ये खिडकीच्या गजापाशी लावली, गणपतीपर्यंत ती वरच्या गजाला पोचली होती. शेंगा धरायला लागल्या की घरात लहान मूल येण्याआधी तोडायच्या, हे वहिनीने मला आत्ताच बजावलं आहे. वेल काढून टाक असं ती म्हणाली नाही.

तेव्हा घ्यायचंच असेल तर नुसतं रोप मागवा. ते वेगळं मिळतं, ३५० रुपयांना, साइटवर खूप खाली आहे. बाकी नावांच्या पेट्यांबद्दल मला बोलता येणार नाही, केतकीला काय पाठवतात ते केतकीने सांगावं.

तक्रार कशी हाताळली तेही लिहायला हवं. फोन एका मुलीने उचलला, आवाजावरून विशीतली.

“कुठल्या प्रॉडक्टबद्दल आहे, मॅडम?”

“गुंजा.”

“ओके. आणि आपलं नाव?”

“गुंजा.”

“नाही मॅडम, प्रॉडक्टचं झालं. तुमचं नाव.”

दोन फेऱ्या झाल्यावर तिच्या लक्षात आलं, हसली, आणि पुढे मात्र नीट ऐकून घेतलं. मी सांगितलं ते तिने लिहून घेतलं: “सुरक्षित” हा शब्द आजच्या आज काढा, आधी विकलेल्या सगळ्यांना कळवा, माळच हवी असेल तर रतनगुंजेची करा आणि तीही मोठ्यांसाठी, आणि कार्डावर विष आहे म्हणून लिहा. ती चाचरत म्हणाली, “पण मॅडम, गिफ्टच्या कार्डावर विषारी कसं लिहायचं? ज्यांचं नाव आहे त्यांना वाईट वाटेल.” मी म्हटलं, ज्यांचं नाव आहे तीच बोलतेय, लिहा.

चार दिवसांनी साइटवरून ब्रेसलेट गेलं, हे मी स्वतः बघितलं. आधीच्या गिऱ्हाइकांना कळवल्याचं तिने फोनवर सांगितलं. कार्डावर अजून भुंगाच आहे. ब्रेसलेटचे ५५० रुपये परत मिळाले, मणी न्यायला कुरिअरचा मुलगा आला. बाटलीवर मी लाल शाईने ‘विष’ लिहून चिकटपट्टी लावली होती. त्याने ती वाचली, पावतीवरचं माझं नाव वाचलं आणि बाटली दोन बोटांत धरून जिना उतरला.

संध्याकाळी मेसेज आला. तो वहिनीने मोठ्याने वाचला, मग फोन करून दादाला वाचून दाखवला, आणि आता आमच्या घरच्या ग्रुपवर तो वर चिकटवून ठेवलेला आहे: “प्रिय गुंजा, गुंजा सदोष आढळल्याने परत घेण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”